न जन्मलेल्यांचा वकील

"आपण केव्हापासून आहात?"

वैद्यबुवांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. शनिवार पेठेतल्या त्यांच्या घरी मी खोली मागायला गेलो होतो. काखेत वळकटी होती, कपाळावर घाम होता आणि डोक्यात काठोकाठ न्यायशास्त्र होतं.

"कालच आलो, तळकोकणातून," मी म्हणालो.

"पुण्यात नव्हे हो. एकूणच."

"जन्मल्यापासून," मी जरा घुश्शातच उत्तर दिलं.

"आणि त्याच्या आदल्या दिवशी आईच्या पोटात कोण होतं? आपले काका?"

गावच्या देवळात चांगल्या चांगल्यांना वादात लोळवून आलेला मी पुण्यातल्या पहिल्याच ओट्यावर गप्प झालो. वैद्यबुवांनी मला नखशिखान्त पाहिलं आणि म्हणाले, "माडीवरची खोली घ्या. खिडकीतून पाऊस येतो. सांगितलंय, तेव्हा तक्रार करायची नाही."

तेव्हा पेशवाई भरात होती आणि मीही. पुण्यातलं शास्त्रीमंडळ माझी वाट पाहत ताटकळलं असेल अशी माझी समजूत होती. पेशव्यांच्या श्रावणातल्या दक्षिणावाटपाला मला इतकं मागं बसवलं की पुढं काय चाललंय ते मला शेजाऱ्याकडून कळत होतं, तरी ती समजूत ढळली नाही. ती ढळवण्याचं काम खालच्या मजल्यावरच्या या म्हाताऱ्यानं फार मन लावून केलं.

वैद्यबुवा उंच, वाळक्या शेंगेसारखे होते. बायको तरुणपणीच गेलेली, मूलबाळ नाही. देवळात कधी जात नसत. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "देव असेल तर तो मला ओळखून आहे. नसेल तर मी कुणाला भेटायला जाऊ?" पण पुण्यात कुठंही ब्राह्मणभोजन असो, हे पहिल्या रांगेत. कुणाकडची बासुंदी आटलेली असते आणि कुणाकडच्या जिलब्यांत पाकापेक्षा कंजूषपणा जास्त असतो, हे त्यांना तोंडपाठ होतं. "आपण देव मानत नाही, मग नैवेद्य कसा चालतो?" असं मी विचारलं. माझ्या मते हा बिनतोड पेच होता. ते म्हणाले, "नैवेद्याबद्दल माझा वादच नाही," आणि वाटी पुढं केली.

रोग्यांशी त्यांचं बोलणं तुटक. "आपल्याला काही झालेलं नाही. ज्या बायकोनं कंटाळून आपल्याला इकडं पाठवलं तिला पाठवा, तिला औषध देतो." लोक चिडत, पण येत. त्यांच्या हाताला गुण होता आणि पुण्यात गुणाला नावं ठेवत ठेवत मानायची रीत आहे.

एकच औषध ते देत नसत. पोट पाडण्याचा काढा. तो काढा त्यांना येत नव्हता असं नाही, सगळ्या वैद्यांना येत होता. दुपारी पेठ पेंगत असली की आडपडद्यानं कुणी ना कुणी येई. बहुधा कुणातरी बालविधवेसाठी, आणि बहुधा तीच माणसं जी सकाळी घाटावर सोवळ्यानं चालताना दिसत. वैद्यबुवा म्हणत, "नाही," आणि पुन्हा खल घोटू लागत.

एकदा एक मोठे शास्त्रीबुवा आले. भ्रूणहत्येच्या महापातकावर त्यांचं प्रवचन इतकं प्रभावी की ऐकून बायका रडत. ते म्हणाले, "दूरच्या नात्यातली अडचण आहे. आपल्याकडून काढा मिळेल का?"

"आपल्या मते हे पाप ना?" वैद्यबुवांनी विचारलं.

"अर्थात! घोर पाप. पण शास्त्रात त्याला प्रायश्चित्त सांगितलं आहे."

"तेच तर. आपल्याकडे प्रायश्चित्त आहे, म्हणून आपल्याला परवडतं. मी पाप मानत नाही, तेव्हा माझ्याकडे प्रायश्चित्तही नाही. मी केलं की ते झालंच. पुसायची सोय नाही. आपण देवमाणसांकडे जा."

शास्त्रीबुवा उठून गेले. त्यांनीच पुढं वैद्यबुवांना 'न जन्मलेल्यांचा वकील' असं नाव पाडलं. वैद्यबुवांना ते आवडलं. "वकील ज्याचा, तो स्वतः दरबारात हजर नसतो," ते म्हणाले. "नाव बरोबर आहे. फक्त मला अजून कुणी वकिलीची वस्त्रं दिली नाहीत."

मी शास्त्री असल्यामुळं त्यांचं म्हणणं खोडून काढणं हे मला माझं कर्तव्य वाटे. निष्कर्ष माझाही तोच होता, ग्रंथातला. पण ग्रंथाशिवाय कुणी त्याच निष्कर्षाला पोचावं हे मला सहन होईना. घाट चढून धापा टाकत वर यावं आणि तिथं कुणी कुठल्याशा पायवाटेनं आधीच येऊन पान खात बसलेला असावा, तशी माझी अवस्था.

"आत्मा मानत नाही, तर मारण्यात वाईट काय?" मी विचारी.

"आपल्याला कुणी मारलं तर आपलं काय जाईल? काल जाणार नाही, तो होऊन गेला. जाईल तो उद्या. पुढच्या सगळ्या सकाळी, सगळ्या पंगती, आपण अजून हरायचे आहेत ते सगळे वाद. पोटातल्या जिवाकडून तर हे सगळंच्या सगळं जातं. त्याच्याइतका उद्या कुणाजवळच शिल्लक नसतो."

"पण त्याला उद्या म्हणजे काय हे कळत नाही!" मी विजयानं म्हणालो.

"झोपलेल्या माणसालाही कळत नाही. आपण दुपारी घोरत असता तेव्हा मी मुसळ घेऊन वर येऊ का?"

त्या दिवसापासून मी दुपारी कडी लावून झोपू लागलो. वाद हरल्याची एवढी एकच खूण मी आयुष्यात उघड दाखवली असेन.

ते हट्टी होते, पण आंधळे नव्हते. एकदा एका तांबटाच्या बायकोचं पोट असं बिघडलं की मूल तर वाचणारच नव्हतं, तीही चालली होती. वैद्यबुवांनी स्वतःच्या हातानं काढा केला आणि तिला वाचवलं. मग लोकांनी टोमणे मारले, आता तत्त्व कुठं गेलं म्हणून. ते म्हणाले, "दोघं बुडत असली तर हाती लागेल त्याला ओढून काढतात. म्हणून काठावर उभ्या असलेल्याला ढकलायची परवानगी मिळत नाही." त्या दिवशी शेजारच्या आळीत पुरणपोळी होती. ते गेले नाहीत. घरीच बसून राहिले.

या माणसाच्या मनात काहीतरी जुनं दुःख दडलेलं असणार, असं मी ठरवून टाकलं. कुणी बहीण, कुणी प्रेयसी, तरुणपणची एखादी चूक. मी आळीतल्या म्हाताऱ्यांकडे आडून आडून चौकशी केली. काही सापडेना. शेवटी त्यांनाच विचारलं.

"मला काहीही झालेलं नाही," ते म्हणाले. "विचार करायला आधी काही व्हावंच लागतं का? आपल्या शास्त्रात तसा नियम आहे?"

मग वेणूचं प्रकरण झालं.

वेणू माझ्या मावशीची मुलगी. लग्न होऊन पुण्यातच दिलेली. नवरा तापानं गेला, केस गेले, आणि ती सासरच्या घरात राबायला उरली. त्या घरात थोरला दीर कर्ता होता. दफ्तरातला वजनदार कारकून, कपाळावर गंध, बोलणं मधाचं. वेणूला दिवस गेले ते त्याच्यापासून. हे सगळ्या घराला ठाऊक होतं, म्हणून कुणी विचारलं नाही. तिला 'देवदर्शनाला' म्हणून तिच्या आईच्या हवाली केलं आणि काम आटपून आणा असं सांगितलं.

मावशी माझ्याकडे आली. "तुझ्या घरमालकाचा हात चांगला आहे. दुसरीकडे बायका मरतात. तू एवढा शास्त्री, तुझं ऐकतील ते."

माझं कुणी ऐकतं असं समजणारी मावशी ही जगातली एकमेव व्यक्ती. तिचा विश्वास मोडवेना. ज्या गोष्टीला माझे ग्रंथ महापातक म्हणतात तिच्यासाठी रदबदली करायला मी जिना उतरलो. जिन्यावर प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण सगळं घोकून घेतलं. मावशी आणि वेणू आतल्या खोलीत, दाराआड बसल्या.

मी सुरुवात केली. "बीज म्हणजे वृक्ष नव्हे. तद्वत्—"

"पेरलेलं उकरून टाकून 'मी पीक कुठं उपटलं?' असं म्हणणारा कुणबी आपण पाहिलाय?" खल घोटता घोटता वैद्यबुवा म्हणाले. "आणि झाडाचं सोडा. आपण कधी आंबा नव्हतात. आपल्या आईच्या पोटात होतात ते आपणच होतात, फक्त लहान. आणि आतापेक्षा गप्प."

मी उदाहरण बदललं. त्यांनी तेही मोडलं. मी हेतू बदलला. खरं सांगायचं तर एव्हाना मी कशासाठी आलो होतो हे विसरलो होतो आणि वादात रंगलो होतो. तेवढ्यात दाराआडून आवाज आला.

"दादा, तुझा वाद संपला असेल तर मी बोलू?"

मावशी "अगं, अगं" करत राहिली, पण वेणू दारात येऊन उभी राहिली. आलवणाचा पदर घट्ट धरलेला, नजर मात्र सरळ.

"तुम्हा दोघांच्या बोलण्यात शास्त्र आहे, आंबा आहे, ते मूल आहे," ती वैद्यबुवांना म्हणाली. "मी कुठं आहे?"

खल थांबला.

"तुम्ही म्हणता, त्याचा उद्या घेऊ नका. बरं. माझा उद्या कुठाय? बाहेर कळलं की घरचे मला नदी दाखवतील. दादा तेरा दिवस सुतक पाळेल आणि पुन्हा वादाला बसेल. त्याला वकील आहे. मला कोण आहे?"

सुतकाचे दिवस तिनं चुकीचे सांगितले होते, मावसबहिणीचं तितकं नसतं. हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. सुदैवानं वैद्यबुवांनी हात वर केला.

मग म्हणाले, "माझ्या म्हणण्यात हा खड्डा आहे. मला तो दिसला नव्हता."

"दिसून काय उपयोग?"

"नाही उपयोग. भरायला हवा." त्यांनी खल बाजूला ठेवला. "मी इतकी वर्षं नुसतं नाही म्हणत आलो. नाही म्हणायचं आणि जेवायला जायचं. नाही म्हणणाऱ्याला खरं तर त्यानंतर काम असतं. तू इथं राहा. माझी मुलगी म्हणून राहा. मूल होऊ दे. पुढं जे विचारतील त्यांना मी उत्तर देईन."

"फजिती होईल तुमची. तुमची कधी झाली नाही, म्हणून तुम्हाला ती लहान वाटते."

"असेल. होऊ दे, म्हणजे कळेल."

"आणि मी नको म्हटलं तर?"

"काढा मी देणार नाही. पण दारही अडवणार नाही. देणारे कुठं बसतात ते तुझ्या आईला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल."

वेणू उंबऱ्यावरच बसली. मावशी रडत होती. मी काय करावं ते न सुचून खलातल्या औषधाकडे विद्वत्तेनं पाहत होतो. पुष्कळ वेळानं वेणूनं विचारलं, "तुम्हाला लहान मुलं आवडतात?"

"मुळीच नाही. फार ओरडतात."

ती हसली. त्या दिवसांत तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. "मग खरं बोलताय," ती म्हणाली. "राहते मी."

सासरचे ओढून नेतील म्हणून बाळंतपणापर्यंत तिला वाघोलीला ठेवायचं ठरलं. तिथलं एक शेतकऱ्याचं घर वैद्यबुवांच्या जुन्या रोग्यांपैकी. छकड्यातून पोचवायला मी गेलो. वाटभर मी वेणूला धीर देणारे श्लोक म्हणत होतो. शेवटी ती म्हणाली, "दादा, मला आधीच मळमळतंय." त्या घरच्या कारभारणीला मी प्रस्तावना करून प्रसंग समजावून सांगू लागलो. तिनं मला मधेच तोडलं. "पोटुशी बाई हाय, दमल्यालीबी हाय. म्होरलं काय इचारायचं? तुमी सरका, तिला आत येऊंद्या."

मुलगी झाली. वेणूनं नाव आवडी ठेवलं. आणि ओली बाळंतीण उठून हिंडू लागल्यावर वैद्यबुवांनी त्या दोघींना भर दिवसा, उघड्या छकड्यातून शनिवार पेठेत आणलं.

मग व्हायचं ते झालं. ब्रह्मवृंद जमला. वैद्यबुवांना बोलावलं, मीही मागं जाऊन उभा राहिलो. वेणूचा दीर डाव्या बाजूला, प्रतिष्ठितांत बसला होता. मूल खुद्द वैद्यबुवांचंच आहे अशी कुजबूज त्यानंच पेरली होती.

"मूल कोणाचं?" प्रमुखांनी विचारलं.

"ते गृहस्थ इथंच डाव्या हाताला बसलेत," वैद्यबुवा म्हणाले, "आणि माझ्याकडे बघत नाहीयेत."

डाव्या हाताचे एकूण एक गृहस्थ मान वर करून वैद्यबुवांकडे टक लावून बघू लागले.

"नाव मी घेणार नाही. ज्याला ती पोर नको होती, त्याला ती कशाला द्यायची?"

"म्हणजे दोष आपल्यावर घेता? मग प्रायश्चित्त घ्या आणि त्या बाईला घराबाहेर काढा. प्रकरण मिटेल."

"प्रायश्चित्त कशाचं? काढा दिला असता तर आज आपण सगळे आपापल्या घरी झोपला असता, आणि संध्याकाळी मला पंगतीला बोलावलं असतं. मूल जगवलं म्हणून ही सभा आहे. मारल्याबद्दल सभा भरलेली मी या गावात अजून पाहिली नाही."

त्यांना वाळीत टाकलं. मग कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं. "आपण त्याच घरात राहता ना? सोडणार की नाही?"

"नाही," मी म्हणालो. माझा आवाज सभेत घुमला. पुढं कितीतरी लोकांनी माझ्या त्या धैर्याचं कौतुक केलं. खरी गोष्ट अशी की मी आदल्या आठवड्यात चार पेठा हिंडून आलो होतो आणि मला कुठंही खोली मिळाली नव्हती. मिळाली असती तर माझ्या धैर्याची खरी परीक्षा झाली असती. त्या परीक्षेतून पुण्याच्या घरमालकांनी मला वाचवलं.

रोगी तुटले नाहीत. पुढच्या दारानं येत ते मागच्या दारानं येऊ लागले, एवढंच. दीरही आला एकदा, पोटशूळ घेऊन. वैद्यबुवांनी त्याला नीट तपासून औषध दिलं आणि ते अत्यंत कडू केलं.

पण पंगती गेल्या. हे त्यांना लागलं. शेजारच्या आळीत जिलब्या तळत असल्या की वास घरभर येई आणि वैद्यबुवा कारण नसताना खिडक्या लावत हिंडत. वेणूनं ते पाहिलं आणि एक दिवस स्वतः जिलब्या केल्या. त्या गोलही नव्हत्या आणि कुरकुरीतही नव्हत्या. वैद्यबुवांनी एक खाल्ली, मिटल्या डोळ्यांनी विचार केला आणि म्हणाले, "हिचा जिलबीशी दूरचाही संबंध नाही. वाढ अजून."

आवडीशी त्यांचं कधी सूत जमणार नाही असं सुरुवातीला वाटे. ती रडू लागली की ते खल उचलून माझ्या खोलीत येत आणि मला खाली पाठवत. "एवढं भांडून आणलीत तिला," मी म्हणे. "मी तिच्या असण्याच्या बाजूनं आहे," ते म्हणत, "रडण्याच्या नव्हे." पण ती बोलू लागल्यावर त्यांना तिचा नाद लागला, कारण तिला प्रत्येक गोष्टीचं कारण लागे. दोघं ओट्यावर तासन्‌तास भांडत. चारपाच वर्षांची होईतो तिनं त्यांना जितक्या वेळा निरुत्तर केलं, तितक्या वेळा मला ते सगळ्या हयातीत जमलं नाही. मी तिच्याकडून एकदोन डावपेच उचललेही. ते माझ्या तोंडी शोभले नाहीत.

काढा मागायला येणं थांबलं नव्हतं. वैद्यबुवा अजूनही नाहीच म्हणत. पण त्यापुढं आता एक वाक्य जोडत, "मागं एक खोली आहे, माझी मुलगी आहे, आधी तिच्याशी बोला." सगळ्या राहिल्या असं मी सांगणार नाही. बहुतेक उठून गेल्या. वैद्यबुवा त्यांना शिव्या देत नसत. "तिला दुसरं दार कुणी दाखवलं नाही, ती दिसलं त्यातून गेली," एवढंच म्हणत आणि त्या दिवशी फार कमी बोलत. ज्या थोड्या राहिल्या त्यांची बाळंतपणं वेणूनं केली. त्या घरात एके काळी इतकी पोरं रांगत होती की माझ्या पोथ्यांचे कोपरे अजून चावलेले आहेत.

वैद्यबुवा गेले ते शांतपणे, दोन दिवसांच्या तापात. आळीतलं कुणी खांदा द्यायला आलं नाही. वाघोलीहून चौघं आले. ब्राह्मणाला कुणब्यांनी खांदा दिला म्हणून पेठेत पुन्हा गवगवा झाला. मी पुढं मडकं धरून चालत होतो आणि मंत्र म्हणावेत की नाही ते मला ठरवता येत नव्हतं. त्यांना आवडले नसते. शेवटी पुटपुटलो, पण त्यांना ऐकू जाणार नाही इतपत हळू.

पुढं वर्षा-दीड वर्षानं असेल, एका सकाळी वेणू अंगणात हिरडे वाळत घालत होती. मी जवळ बसलो होतो. बऱ्याच वर्षांपासून एक प्रश्न माझ्या मनात होता आणि न्यायशास्त्र्याला मनातला प्रश्न मनात ठेवण्याचं बाळकडू मिळालेलं नसतं.

"वेणू, त्या दिवशी वैद्यबुवांनी काढा दिला असता तर?"

"घेतला असता," ती लगेच म्हणाली.

"आणि आज तुला कुणी विचारलं असतं, की—"

तिचा हात थांबला. "आज नको विचारू."

"का? तर्क म्हणून."

"तर्क म्हणूनही नको, दादा. तेव्हा ती कोण ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून प्रश्न होता. आता ती आत भाकरी करतेय. माणूस घरात असताना त्याच्याबद्दल असं बोलू नये."

एवढ्यात पिठाच्या हातांनी आवडी दारात आली. तिनं आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मामा, काय विचारत होता आईला?"

"काही नाही गं."

"एवढा वेळ काही नाही विचारत होता?" ती म्हणाली. "मग उठा आता. पहिली भाकरी झालीय, आणि ती गारच खायची असेल तर तसं सांगा."